अर्पणपत्रिकेचं पान

आमच्या सरांच्या हाताखाली पीएच.डी. करणाऱ्यांची एक पद्धत होती. प्रबंध टाइप करायला बसताना कोरी फाइल कोणी उघडायचं नाही. आधीच्या माणसाकडून त्याची फाइल मागून आणायची, त्याचं नाव पुसून आपलं टाकायचं, त्याचा विषय पुसून आपला टाकायचा, आणि मग एकेक प्रकरण त्याच्या मजकुराच्या जागी आपला मजकूर भरत जायचं. मला ज्या बाईंनी फाइल दिली त्यांना ती त्यांच्या आधीच्यांनी दिली होती, आणि त्यांना आणखी कोणी. पेनड्राइव्हमध्ये तिचं नाव होतं ‘प्रबंध फायनल नवीन फायनल ३’. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट बरंच वाटलं. मी अकोटला कनिष्ठ महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवते. कॉम्प्युटरशी माझा संबंध मुलांचे गुण भरण्यापुरता. समास किती सोडायचा, दोन ओळींत अंतर किती ठेवायचं, ही डोकेदुखी कोणी आधीच सोसून ठेवली असेल तर ती नव्याने अंगावर कशाला घ्यायची, असा माझा सरळ हिशेब होता.

माझा विषय भाजी विकणाऱ्या बायकांचा. त्यासाठी लांब जायची गरज नव्हती. आमचं घर माळ्याचं. अकोटपासून जवळच गावाला थोडं ओलिताचं वावर आहे, त्यात मेथी, पालक, वांगी आणि सांभार निघतो. कोथिंबिरीला आम्ही सांभारच म्हणतो. माझी आई चाळीस वर्षांपासून अकोटच्या बाजारात बसते. भाऊ म्हणतो आता बस घरी, तर ती म्हणते घरी बसून काय भिंतींशी बोलू? माझ्या प्रबंधातल्या अर्ध्या बायका तिच्या ओळीत बसणाऱ्या आहेत. त्यांना प्रश्न विचारायला गेले की आधी ती मला जुड्या बांधायला बसवायची.

तरीही सहा वर्षं लागली. दोनदा मुदत वाढवून घेतली. तिसऱ्यांदा वाढणार नाही हे मला स्वच्छ सांगितलेलं होतं. शेवटचा दिवस शुक्रवार. त्या दिवशी कार्यालय बंद व्हायच्या आत पाच बांधीव प्रती अमरावतीला विद्यापीठात पोचल्या नाहीत तर नोंदणी रद्द. मग सहा वर्षं गेली पाण्यात.

त्याच्या आधीच्या शनिवारी मी शेवटचं वाक्य लिहिलं, चहा केला, आणि मोठ्या ऐटीत सूचनापत्रक वाचायला घेतलं. ते खरं म्हणजे सहा वर्षांपूर्वी वाचायचं असतं. त्यात लिहिलं होतं की डावा समास दीड इंच पाहिजे, कारण बांधणीत तेवढा कागद आत जातो. माझ्या फाइलीत एक इंच होता. अर्धा इंच वाढवायचा, त्यात काय! वाढवला.

तीनशे पानं एकदम ढासळली. प्रकरणाची शीर्षकं पानाच्या मध्यावर येऊन बसली. तक्त्याचं डोकं एका पानावर, धड दुसऱ्यावर. मधूनच कोरी पानं निघाली. अनुक्रमणिकेत तिसरं प्रकरण एकशे चारवर होतं, प्रत्यक्षात ते एकशे एकोणीसवर गेलं होतं. मी समास पुन्हा एक इंच केला तर जुनंही परत येईना, कारण मधल्या वेळात घाबरून मी बरंच काही दाबलं होतं. नवरा दारात येऊन काय झालं म्हणाला. त्याच्यावर मी जी ओरडले त्यात त्या बिचाऱ्याचा काडीचा दोष नव्हता.

अकोल्याला बसस्टँडपासून चालत पाच मिनिटांवर एक टायपिंगवाले भाऊ आहेत. वय साठीच्या आसपास. त्यांनी टाइपरायटरवर सुरुवात केली होती. ते यंत्र अजून दुकानाच्या कोपऱ्यात झाकून ठेवलेलं असतं. रविवारी सकाळी मी त्यांच्यासमोर जाऊन बसले. त्यांनी फाइल उघडली आणि कुठलंसं एक बटण दाबलं. त्याबरोबर पडद्यावर काळी काळी चिन्हं उगवली. प्रत्येक एंटरला एक. पानंच्या पानं त्या चिन्हांनी भरलेली होती.

भाऊंनी चष्मा वर केला. “मॅडम, हा प्रबंध नाही, हे एंटरचं वावर हाय. कोनं पेरलं येवढं?”

“आधीपासूनच आहे ते,” मी म्हटलं.

“अन् तुमी?”

“मीपण थोडं पेरलं.”

थोडं कसलं! नवीन प्रकरण नव्या पानावर न्यायचं तर आधीचं पान संपेपर्यंत एंटर दाबत राहायचं, हीच मला माहीत असलेली युक्ती. शीर्षक मधोमध आणायचं तर डोळ्यांनी अंदाज घेत मोकळ्या जागा सोडायच्या. अनुक्रमणिका हातानेच टाइप केलेली, पुढे टिंबांची रांग आणि शेवटी आकडा. सगळं एकावर एक रचून ठेवलेलं. खालचं एक हललं की वरचं कोसळणारच.

“ठिगळ लावून देऊ का नवं शिवू?” त्यांनी विचारलं.

“ठिगळच लावा भाऊ. शुक्रवार आहे.”

“तुमी शुक्रवार शुक्रवार करून राहिल्या. पन ह्या फाइलीत एक शब्द घातला का खालचे सगये पानं हालतेत. शुक्रवारी सकाळी सरांनी एक ओळ बदला म्हटलं, मंग?”

“सर काही बदलायला सांगणार नाहीत.”

“मंग दुसरीकडून लावून घ्या ठिगळ,” ते म्हणाले आणि फाइल बंद केली.

मला राग आला. मी उठले, पिशवी खांद्याला लावली, दुकानाची पायरी उतरले, समोरच्या रसवंतीवर एक ग्लास रस प्यायले. दुसरीकडे म्हणजे कुठे, हे मला माहीत नव्हतं. परत जाऊन बसले. त्यांनी काहीच न बोलता फाइल पुन्हा उघडली, हा त्यांचा मोठेपणा.

त्यांनी आधी एक कोरी फाइल घेतली. तिच्यात सूचनापत्रकाप्रमाणे समास बसवले, ओळींमधलं अंतर ठरवलं. मग ‘प्रकरण’, ‘उपशीर्षक’, ‘मजकूर’, ‘तक्ता’, ‘अवतरण’ अशी खाती पाडली आणि प्रत्येकाचा आकार, ठळकपणा, आधीची-नंतरची मोकळी जागा एकदाच लिहून ठेवली. याला टेम्प्लेट म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. आता शीर्षक मोठं करायचं नाही, मधोमध सरकवायचं नाही. ते शीर्षक आहे एवढंच त्याला सांगायचं. पुढचं ते स्वतः करतं. इतकी साधी गोष्ट मला सहा वर्षांत कोणी का सांगितली नाही म्हणून मी पुन्हा चिडले. मग आठवलं की मी कोणाला विचारलंच नव्हतं.

माझा मजकूर त्यांनी सगळी सजावट झाडून, साधा करून त्या फाइलीत ओतला. तीनशे पानं एकसारखी सपाट दिसायला लागली, कुठे काय सुरू होतं ते कळेना. आता एकेका परिच्छेदाला तो कोण आहे हे सांगायचं काम माझं. सोमवारपासून मी कॉलेजातून आठवडाभर रजा घेतली आणि रोज सकाळच्या गाडीने अकोल्याला जाऊन त्यांच्या शेजारी बसले. आई पहाटे भाजी निवडते, मेथी इकडे, पालक तिकडे, पिवळं पान गाईला, तसंच ते काम होतं. हात चालू लागला की बरं वाटत होतं.

चौथ्या प्रकरणात अडले. एक अकरा ओळींचा तुकडा होता. भाऊंनी विचारलं, “हे काय हाय? मजकूर का उपशीर्षक का कोनाचं अवतरण?”

मी वाचलं. पुन्हा वाचलं. “माहीत नाही,” म्हटलं.

“तुमालेच माइत नाही तं मशीनले काय माइत?”

मी तोंड फुगवून बसले, पण ते खरंच होतं. तो तुकडा दोन वर्षांपूर्वी कुठूनतरी उतरवून घेतला होता आणि जागा सापडेना म्हणून तिथे ठेवून दिला होता. मी तो काढून टाकला. आणखी चार ठिकाणी तसेच तुकडे निघाले. चौथं प्रकरण पाच पानांनी आटलं आणि पहिल्यांदाच धड वाचता यायला लागलं. सरांनी दोनदा त्या प्रकरणावर ‘विस्कळीत’ असा शेरा मारला होता, आणि मी दोन्ही वेळा मनातल्या मनात त्यांच्याशी भांडले होते.

बुधवारी दुपारी सगळे परिच्छेद आपापल्या जागी बसले. भाऊ म्हणाले, “आता पायजा.” त्यांनी अनुक्रमणिकेच्या जागी नेऊन एकदा टिचकी मारली. प्रकरणं, उपशीर्षकं, पानांचे आकडे, सगळं एका क्षणात ओळीने उभं राहिलं. मी तिसरं प्रकरण उघडून पाहिलं. आकडा बरोबर. पाचवं पाहिलं. बरोबर. सगळे तक्ते तपासले. बरोबर. मी दुकानात मोठ्याने हसले, आणि हसताना डोळ्यांतून पाणी यायला लागलं. भाऊंनी माझ्याकडे न बघता दोन चहा मागवले.

सुरुवातीची सात पानं तेवढी राहिली होती. मुखपृष्ठ, सरांचं प्रमाणपत्र, माझं प्रतिज्ञापत्र, अर्पणपत्रिका, ऋणनिर्देश वगैरे. भाऊ म्हणाले, “हे पन नवीन करून घेऊ.”

“ही राहू द्या,” मी म्हटलं. “ही पानं पाच-सहा जणांच्या हातून विद्यापीठात जाऊन आलेली आहेत. पास झालेली आहेत.”

“एकदा वाचून तं घ्या.”

“वाचलेली आहेत.”

हे अर्धं खरं होतं. मुखपृष्ठ आणि प्रतिज्ञापत्र मी दहा वेळा वाचलं होतं. ऋणनिर्देश मी स्वतः नव्याने लिहिला होता. अर्पणपत्रिकेच्या पानावर वेलबुट्टीची चौकट होती आणि मधोमध सजावटीच्या अक्षरांत काहीतरी आईला अर्पण केलेलं होतं. मलाही आईलाच अर्पण करायचं होतं. म्हणून फाइल उघडली की दरवेळी त्या पानाकडे बघून समाधानाने पुढे जायचे. भाऊंनी ती सात पानं आहेत तशी पुढे जोडली. त्यांनी ती वाचली नाहीत, कारण ते कधीच वाचत नाहीत. “मी अक्षर पायतो, मजकूर तुमचा,” असं त्यांचं म्हणणं असतं.

गुरुवारी दुपारी सहा प्रती बांधून मिळाल्या. पाच विद्यापीठाच्या, एक माझी. मरून रंगाचं कव्हर, त्यावर सोनेरी अक्षरं. शुक्रवारी सकाळी अमरावतीला जायचं, सरांच्या सह्या घ्यायच्या, प्रती जमा करायच्या. सरांना दोन वाजता परगावी निघायचं होतं, त्यामुळे त्याच्या आत पोचणं भाग होतं. तेवढं एकच राहिलं होतं. मी अकोटच्या एसटीत खिडकीशी बसून सहा प्रती मांडीवर घेतल्या आणि अख्खा रस्ता झोपले.

संध्याकाळी बाजार आटोपून आई माझ्या घरी आली. पुस्तक आलं म्हणून मीच निरोप पाठवला होता. तिने आधी हातपाय धुतले, पदराने हात कोरडे केले, देवघरातून हळदकुंकवाची कोयरी आणून माझ्या प्रतीला बोट लावलं, आणि मग ती प्रत मांडीवर घेऊन बसली. आई चौथीपर्यंत शिकलेली. अक्षराखाली बोट सरकवत वाचते, पण वाचते. मुखपृष्ठ वाचून झालं. माझं नाव तिने दोनदा वाचलं. प्रमाणपत्र, प्रतिज्ञापत्र उलटलं. मग चौकटीच्या पानावर बोट थांबलं.

“माझ्या,” तिने वाचलं. “कै... कैलास... कैलासवासी. आईच्या. पवित्र. स्मृतीस.”

मी स्वयंपाकघरात होते. हातातली कणीक तशीच राहिली.

“काय व,” बाहेरून आवाज आला, “मले कदी पोचवून आले तुमी?”

मी धावत बाहेर आले, प्रत हिसकावून घेतली आणि वाचली. सहा वर्षांत पहिल्यांदा ते पान शब्द न शब्द वाचलं. मग दुसरी प्रत उघडली, तिसरी उघडली, जणू एखाद्या प्रतीत वेगळं निघणार होतं. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. आणि त्या लाजेच्या मागोमाग शुक्रवार आठवला.

आई हसत होती. हसता हसता तिला ठसका लागला. “रडू नको व. जित्या मानसाच्या मरनाची खोटी खबर उठली का त्याचं आयुष्य वाढते. अजून दहा वर्सं तुया डोक्यावर बसतो मी.”

“आई, हे असं देता येणार नाही उद्या.”

“नोकोच देऊ,” ती म्हणाली. मग पानावरून हात फिरवत म्हणाली, “पन मंग ही कोनाची माय हाय?”

मला ते माहीत नव्हतं. मी भाऊंना फोन लावला. सगळं ऐकून ते एकदाही ‘मी म्हटलं होतं’ म्हणाले नाहीत. “सकाळी आठले या,” म्हणाले. “बांधनीवाल्याले मी बलावून ठेवतो. अन् घाबरू नका. एकच पान हाय.”

आईने त्या रात्री आमच्याकडेच मुक्काम केला आणि सकाळी माझ्या आधी तयार होऊन बसली. कुठे निघालीस विचारलं तर म्हणाली, “तुयासंग येतो. मले मारलं त्या जागी जाऊन दाखवतो, मी जिती हाय म्हनून.”

आठला पाच कमी असताना आम्ही दुकानात होतो. भाऊंनी फाइल उघडून ते पान पुसलं. “काय लिवू?”

मी आईकडे पाहिलं. ती टाइपरायटरच्या बाजूला स्टुलावर बसून दुकान न्याहाळत होती.

“मले काय पायते?” ती म्हणाली. “लिव, बाजारात बसते म्हनून. खोटं हाय का?”

खोटं नव्हतं. भाऊंनी टाइप केलं: ‘आईस, जी आजही अकोटच्या बाजारात बसते’. मग त्यांनी शेवटचं पान उघडून आकडा दाखवला, अनुक्रमणिका दाखवली. “पायजा. हाललं का कुठं?”

काहीच हललं नव्हतं. तीनशे पानांतलं एक पान बदललं आणि बाकीची जिथल्या तिथे उभी होती. रविवारी मी ठिगळाचा हट्ट चालवला असता तर आज काय झालं असतं, या विचाराने मला खरंच घाम फुटला. मी भाऊंना तसं म्हटलं. ते म्हणाले, “गाडी चुकंन तुमची, बोलत नका बसू.”

बांधणीवाल्याने प्रत्येक प्रतीतलं जुनं पान धारदार पात्याने कापलं. शिवणीकडे बोटभर पट्टी ठेवली आणि तिच्यावर नवं पान डिंकाने बसवलं. सहा प्रतींची सहा पानं कापून निघाली. ती त्याने रद्दीच्या टोपलीकडे सरकवली, तशी आई स्टुलावरून उठली. एकेक पान उचललं, मांडीवर ठेवून तळव्याने सपाट केलं, सहाही नीट घडी करून आपल्या पिशवीत ठेवली.

“काहून व माय?” बांधणीवाल्याने विचारलं.

“कोनाची तरी माय हाय. केरात टाकाव का?”

दहाची अमरावतीची गाडी मिळाली. मूर्तिजापूरला ड्रायव्हर चहा प्यायला उतरला आणि मला वाटलं आता तो तिथेच संसार थाटणार. आई मात्र निवांत होती. तिने शेजारच्या बाईला माझा प्रबंध दाखवला, स्वतः मेली होती ती गोष्ट सांगितली, आणि दोघी हसल्या. बडनेरा आलं तेव्हा घड्याळात साडेबारा वाजले होते. विद्यापीठात पोचेपर्यंत एक वाजून गेला.

सर खोलीत होते. आम्हाला पाहून उठले. प्रमाण भाषेत, एकेक शब्द तोलून बोलणारा माणूस. माझ्याशी सहा वर्षांत ते एकही शब्द वऱ्हाडीत बोलले नव्हते. पण आईला पाहून म्हणाले, “या माय, बसा अठी.” त्यांनी स्वतः खुर्ची ओढून दिली. मग पेनचं टोपण काढलं, पहिली प्रत उघडली आणि प्रमाणपत्राच्या पानापाशी येता येता पुढची पानंही उलटली गेली. डिंक पुरता वाळला नव्हता, अर्पणाचं पान जरा कुरळं झालं होतं.

“हे पान नंतर लावलंत?”

मी एका दमात सगळं सांगितलं. माफी मागितली. वर हेही म्हटलं की ज्या बाईंनी मला फाइल दिली, त्यांच्या आईचं ते पान असावं.

“त्यांची आई हयात आहे,” सर म्हणाले. “मागच्या महिन्यात भेटल्या मला.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. मागच्या कपाटात त्यांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध रांगेने उभे होते. त्यांनी एक काढून सुरुवातीची पानं उलटून माझ्यासमोर धरला. तीच चौकट, तेच शब्द. दुसरा काढला. तेच. तिसराही तसाच. इतक्या जणांची नावं बदलली होती, विषय बदलले होते, आणि प्रत्येकात तीच कैलासवासी आई होती.

“पहिली फाइल माझ्या प्रबंधाची,” सर म्हणाले. “माझ्या पहिल्या विद्यार्थ्याला मीच दिली होती. त्याच्या प्रबंधात हे पान पाहिलं तेव्हा वाटलं, त्याचीही आई गेली असेल. दुसऱ्याच्या वेळी लक्षात आलं. सांगायला हवं होतं मी. पण प्रत हातात आली, पान उलटलं की ती दिसायची. म्हटलं, राहू दे.”

मी ते पान कापून काढलं होतं आणि शहाण्यासारखी त्यांना ते सांगत होते. वाईट वाटलं, खूप वाटलं.

आईने पिशवी उघडली. घडी केलेली सहा पानं बाहेर काढली, उलगडली, आणि टेबलावरून सरांकडे सरकवली.

“घ्या बाप्पा. तुमची माय हाय. म्या जपून आनली.”

सर उभे राहिले. त्यांनी दोन्ही हातांनी ती पानं घेतली आणि डोळ्यांना लावली. “फेकली नाही तुमी?” त्यांनी विचारलं.

“मायले कोनी फेकते का?”

त्यांनी टेबलावरची काच एका कोपऱ्याने उचलून एक पान तिच्याखाली सरकवलं, सुट्ट्यांच्या यादीच्या बाजूला. बाकीची खणात ठेवली. मग बसून सहाही प्रतींवर सह्या केल्या. शेवटची सही झाल्यावर माझं नवं अर्पणाचं पान त्यांनी पुन्हा काढून वाचलं, आईकडे पाहिलं, आणि मला म्हणाले, “ती नवीन फाइल मला पाठवा. पुढच्यांना तीच देऊ. फक्त ते पान कोरं ठेवा.”

पावणेतीनला पाच प्रती जमा झाल्या. खिडकीतल्या बाईंनी पोचपावतीवर शिक्का मारला आणि ‘पुढचे’ म्हणून हाक दिली. एवढंच. सहा वर्षांचं ओझं उतरायला एक शिक्का पुरला. मी जिन्याच्या पायरीवर बसले. अंग पिसासारखं हलकं वाटत होतं. सुटले, सुटले, एवढंच मनात येत होतं. आईने पिशवीतून पोळी आणि ठेच्याची पुरचुंडी काढली. आम्ही दोघींनी तिथेच पायरीवर खाल्लं.

परतीच्या गाडीत तिने माझी प्रत मागून घेतली. ते पान काढलं, बोट ठेवून वाचलं. ‘आईस’ वाचलं, ‘आजही’ वाचलं, ‘बाजारात बसते’ वाचलं. मग पुस्तक मिटून माझ्या मांडीवर दिलं आणि डोकं माझ्या खांद्याला टेकवलं. मी ते तसंच राहू दिलं. सरांनी ती पानं डोळ्यांना कशी लावली होती ते आठवत होतं, आणि खांद्यावर तिचं डोकं जड लागत होतं.

तिला झोप लागली असं मला वाटलं होतं. मूर्तिजापूर गेल्यावर ती डोळे न उघडताच म्हणाली, “उद्या बजार हाय. सांभार उपटाले लवकर उठा लागते. तू येतं का जुड्या बांधाले?”

“येते,” मी म्हटलं.